बातमीत टीमचं नाव पण छापा, त्यांचं पोट त्यावरच चालतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२०२५ ची टूर द फ्रान्स ही सायकल रेस २७ जुलैला पॅरिसमध्ये संपली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या क्रीडा पानावर खाली कोपऱ्यात चार ओळी आल्या. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार चौथ्यांदा विजेता, डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड दुसरा, विजेत्याला ५ लाख युरोचं बक्षीस. चार ओळी का होईना पण आल्या, आधी तेवढ्याही येत नव्हत्या, म्हणून आभार. पण त्या चार ओळींत एक गोष्ट नव्हती आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहितोय. पोगाचार कुठल्या टीमचा आणि विंगेगार्ड कुठल्या, हे कुठेच नव्हतं. नुसता देश.

तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, वाचकाला देश कळला की झालं. तर तसं नाहीये. सायकलिंगमध्ये रायडरला देश असतो तो वर्षातून दोन-चार दिवस, वर्ल्ड चॅम्पियनशिपला आणि ऑलिम्पिक असेल तर ऑलिम्पिकला. बाकी वर्षभर तो टीमचा पगारी नोकर असतो, आणि त्या टीमला पैसे मिळतात ते फक्त तिचं नाव टीव्हीवर दिसलं आणि पेपरात छापून आलं तरच. म्हणजे तुम्ही जी गोष्ट जागा वाचवायला काढून टाकलीत तीच त्यांची मिळकत आहे.

मी काही क्रीडा पत्रकार वगैरे नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो आणि रविवारी सकाळी येऊरला सायकल चालवतो, पोट आत जावं म्हणून. पण गणपती, नवरात्र, दहीहंडी, क्रिकेटच्या टुर्नामेंटा, कुणाचं मॅरेथॉन, या सगळ्यांच्या स्पॉन्सरशिपच्या फायली शेवटी माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे पैसे देणारा माणूस देताना काय बघतो ते मला चांगलं माहितीय. टूर बघायला लागलो तेव्हा मला घाटातल्या चढाईपेक्षा हाच प्रश्न जास्त छळायचा की यांना नक्की पैसे देतं कोण.

आधी बक्षिसाचंच घ्या, कारण बातमीत तेच असतं. हिशोबाला सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरतो. विजेत्याला ५ लाख युरो म्हणजे ५ कोटी रुपये. दुसऱ्याला २ लाख युरो, तिसऱ्याला १ लाख. एक स्टेज (म्हणजे एका दिवसाचा टप्पा) जिंकली तर ११,००० युरो, एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर असेल तितके दिवस रोजचे ५०० युरो, शेवटी पॉइंट्सची हिरवी जर्सी जिंकणाऱ्याला २५,००० आणि रडतखडत सगळ्यात शेवटी पॅरिसला पोचणाऱ्याला हजारेक युरो. सगळी बक्षिसं मिळून २३ लाख युरोच्या आसपास होतात, म्हणजे २३ कोटी, आणि ती वाटून घ्यायला यंदा सुरुवातीला रायडर होते १८४. आयपीएल जिंकणाऱ्या एकट्या टीमला बक्षीस म्हणून २० कोटी मिळतात. म्हणजे एकवीस स्टेज, तीन हजारच्या वर किलोमीटर, आल्प्स, पिरेनीज, तीन आठवडे ऊनपाऊस, पडझड, मोडलेली कॉलरबोन, या सगळ्याची मिळून किंमत जवळपास तेवढीच.

आणि ते ५ लाख युरो पोगाचार घरी नेतो असं वाटत असेल तर तेही नाही. बक्षिसाची रक्कम टीमच्या सामायिक गल्ल्यात जमा होते आणि त्यातून वाटणी होते, बरोबरचे सात रायडर, मेकॅनिक, मालिश करणारे, बस चालवणारा, सगळ्यांना त्यात वाटा. जिंकणारा बहुतेक वेळा आपला हिस्सा सोडतो, तशी प्रथाच आहे, कारण त्याला त्याची गरज नसते. पोगाचारचा पगारच वर्षाला ८० लाख युरोच्या घरात असल्याचं तिकडच्या बातम्यांत आलंय, २०३० पर्यंतचा करार. म्हणजे ८० कोटीची नोकरी आणि ५ कोटीचं बक्षीस, तेही वाटून टाकायचं. तुमच्या बातमीतला आकडा खरा होता पण त्यावरून वाचकाला जे वाटलं असेल ते खरं नव्हतं.

मग ८० कोटी येतात कुठून? इथेच हा खेळ बाकी सगळ्या खेळांपेक्षा वेगळा पडतो. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमला मॅच असली की तिकीट लागतं, पार्किंग लागतं, आत वडापाव सुद्धा बाहेरच्या दुप्पट-तिप्पट भावाने. टूर द फ्रान्स रस्त्यावर चालते, लाखो लोक कडेला खुर्च्या टाकून बसतात आणि कुणीही एक पैसा देत नाही. रस्त्याला गेट कुठून लावणार. म्हणजे तिकिटाचं उत्पन्न शून्य.

राहिला टीव्ही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे मीडिया हक्क ४८,३९० कोटींना गेले आणि त्यातला मोठा हिस्सा बोर्ड टीमना वाटतं, त्यामुळे टीम तळाला राहिली तरी दिवाळखोरीत जात नाही. टूरचे टीव्हीचे पैसे मात्र आयोजक कंपनीकडे राहतात, एएसओ तिचं नाव, आणि टीमना त्यातला वाटा नाही. टीमला मिळतो तो भाग घेतल्याचा भत्ता, पन्नास हजार युरोच्या आसपास, त्यात एवढ्या लोकांची, बसची, ट्रकची, गाड्यांची तीन आठवड्यांची वरात कशी भागणार ते तुम्हीच बघा. मोठ्या टीमचं वर्षाचं बजेट पाच कोटी युरोपर्यंत जातं, आपले पाचशे कोटी. वर आयोजक गावांकडूनही पैसे घेतात. स्टेज आमच्या गावातून सुटावी, आमच्या गावात संपावी म्हणून नगरपालिका पैसे मोजतात, कारण हॉटेलं भरतात आणि हेलिकॉप्टरमधून गावाचा किल्ला, चर्च, नदी सगळं जगभर दिसतं. यंदा टूर लील शहरातून सुटली, पुढच्या वर्षी २०२६ ला बार्सेलोनातून, म्हणजे फ्रान्सची टूर स्पेनमधून. फुकट नाही करत कुणी. पण तो पैसाही आयोजकांचाच, टीमचा नाही.

तर टीमकडे विकायला राहतं काय? फक्त स्वतःचं नाव. मुंबईची टीम मुंबई इंडियन्स असते, मालक कोणी का असेना. सायकलिंगमध्ये टीमला स्वतःचं असं नावच नसतं, जो पैसे देईल त्याचं नाव तेच टीमचं नाव. आणि नावं बघितली तर हसायला येतं, अख्खा बाजार भरलाय. अल्पेसिन म्हणजे केस गळू नयेत म्हणून लावायचा शाम्पू. सुदाल म्हणजे फेविकॉलसारखा चिकटवायचा धंदा. क्विक-स्टेप म्हणजे घरातली फ्लोअरिंग. बोरा म्हणजे किचनमधला धूर ओढणाऱ्या चिमण्या आणि हान्सग्रोहे म्हणजे बाथरूमचे नळ, त्यांच्यापुढे आता रेड बुल लागलंय. लोटो म्हणजे बेल्जियमची लॉटरी, एफडीजे म्हणजे फ्रान्सची लॉटरी, मोव्हिस्टार मोबाइल कंपनी, युनो-एक्स पेट्रोल पंप. यूएई, बहारीन, अस्ताना यांच्या मागे तर अख्खे देश नाहीतर देशांच्या कंपन्या. विजेत्याच्या टीमचं पूर्ण नाव यूएई टीम एमिरेट्स एक्सआरजी. छापायला लांब आहे मान्य, पण त्यातल्या एकेका शब्दाचे पैसे मोजलेत हो त्यांनी.

पूर्वी असं नव्हतं. आधी सायकल बनवणाऱ्या कंपन्याच टीम चालवायच्या, सायकल विकली जावी म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कूटर आणि गाड्या आल्या, सायकलचा खप पडला, कंपन्यांचे हात आखडले, तेव्हा १९५४ मध्ये फिओरेन्झो मान्यी नावाच्या इटालियन रायडरने निव्हियावाल्यांना गाठलं. हो तेच, निळ्या डबीतलं क्रीम. लोकांनी नावं ठेवली, सायकलिंगचा आणि क्रीमचा काय संबंध म्हणून, पण दार उघडलं ते उघडलंच.

आणि हे सगळं मी एका पेपरच्या संपादकाला सांगतोय यातली गंमत म्हणजे टूर द फ्रान्स सुरूच एका पेपरने केली. १९०३ साली पॅरिसमध्ये लोटो नावाचा क्रीडा पेपर होता (मघाच्या लॉटरीचा आणि याचा काही संबंध नाही), आन्री देग्रांज त्याचा संपादक, समोरचा ल वेलो नावाचा पेपर भारी पडत होता, खप वाढेना. तर त्यांच्याच एका तरुण पत्रकाराने, जिओ लफेव्हरने, सुचवलं की अख्ख्या फ्रान्सला चक्कर मारणारी रेस काढू, लोकांना रोज निकाल वाचायला पेपर घ्यावाच लागेल. पंचवीस हजाराचा खप पासष्ट हजारावर गेला आणि दुसरा पेपर पुढच्या वर्षी बंदच पडला. त्यांचा कागद पिवळा होता म्हणून पुढे १९१९ पासून आघाडीवरच्या रायडरची जर्सी पिवळी. इटलीची जिरो १९०९ ला काढली गाझेत्ता देल्लो स्पोर्टने, त्यांचा कागद गुलाबी म्हणून तिथली जर्सी गुलाबी. म्हणजे या खेळाची सगळी इकॉनॉमी पहिल्या दिवसापासून पेपरात नाव येण्यावर उभी आहे. आणि १९३० मध्ये देग्रांजसाहेब कंपन्यांवर इतके वैतागले की कंपन्यांच्या टीमच काढून टाकल्या आणि देशांच्या टीम आणल्या, अगदी तुमच्या बातमीसारखं. मग प्रश्न आला की या सगळ्यांच्या जेवणाखाण्याचा, राहण्याचा खर्च करणार कोण. तर रेसच्या पुढे जाहिरातीच्या गाड्यांची मिरवणूक सुरू केली, चॉकलेटवाले वगैरे पैसे देऊन त्यात यायचे आणि लोकांवर वस्तू उधळत जायचे. ती मिरवणूक आजही निघते. कंपन्यांच्या टीम १९६२ ला परत आल्या आणि मधली १९६७-६८ ही दोन वर्षं सोडली तर त्या आल्याच.

टीव्हीवर टूर बघताना एक गोष्ट नवख्या माणसाला कळतच नाही. स्टेज सुरू झाली रे झाली की चार-पाच जण पुढे सटकतात, दीडशेक किलोमीटर वाऱ्याला तोंड देत पुढे राहतात आणि शेवटचे दहा किलोमीटर राहिले की मागचा घोळका त्यांना गिळतो. रोजचंच. मग हे कशाला मरमर करतात? तर ते चार तास कॅमेरा त्यांच्यावर असतो म्हणून. छातीवर, पाठीवर, चड्डीवर सुद्धा नाव असतं आणि ते चार तास जगभर दिसतं. लहान टीमला स्टेज जिंकणं दहा वर्षांतून एकदा जमेल, पण पुढे सटकणं रोज जमतं. आणि कधीमधी नशीब फळफळतं सुद्धा, यंदा अकराव्या स्टेजला तुलूझमध्ये युनो-एक्सचा योनास अब्राहमसेन असाच पुढे राहिला आणि जिंकला. नॉर्वेच्या पेट्रोल पंपवाल्यांना त्या एका दिवसात जे मिळालं ते जाहिरातीत किती कोटी ओतून मिळालं असतं, ते आमच्यासारख्या हिशोबवाल्याला लगेच कळतं.

पण नावावर पोट असलं की एक मोठी भीती असते. नाव देणाऱ्याने हात काढला की टीम गेली. मैदान नाही, तिकीट नाही, टीव्हीचा वाटा नाही, विकायला काहीच शिल्लक नाही. एचटीसी हायरोड नावाची टीम होती, जगात सगळ्यात जास्त रेस जिंकणाऱ्यांपैकी, मार्क कॅव्हेंडिश तिच्यातून स्प्रिंट मारायचा आणि २०११ ला त्याने टूरची हिरवी जर्सी आणली. त्याच वर्षी टीम बंद, का तर नवा स्पॉन्सर मिळाला नाही. हाच कॅव्हेंडिश २०२२ च्या शेवटी एका फ्रेंच टीममध्ये जाणार म्हणून जवळपास ठरलं होतं, बी अँड बी हॉटेल्स, ती पैशाअभावी नवा सीझन सुरू व्हायच्या आतच मोडली. मग तो अस्तानात गेला आणि २०२४ ला त्याने ३५ वी स्टेज जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा रेकॉर्ड मोडला. म्हणजे इतिहासातला सगळ्यात मोठा स्प्रिंटर आणि त्याला नोकरी शोधत फिरावं लागलं.

सगळ्यात भारी उदाहरण विंगेगार्डच्या टीमचं. आधी ती राबोबँक होती, डच बँक, सतरा सीझन. २०१२ ला अमेरिकन रायडर लान्स आर्मस्ट्राँगचं डोपिंगचं सगळं बाहेर आलं तेव्हा बँकेने नाव काढून घेतलं, तर पुढच्या वर्षी टीम काही महिने चक्क ब्लँको या नावाने खेळली. कोरी पाटी. मग बेल्किन, मग परत लॉटरी आणि तिच्यासोबत जंबो सुपरमार्केट. २०२३ ला तर या टीमने कहर केला, इटलीची जिरो, टूर आणि स्पेनची वुएल्ता तिन्ही मोठ्या रेस एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या रायडरकडून जिंकल्या, असं याआधी कुणीच केलं नव्हतं. आणि त्याच वर्षी जंबोवाले बाहेर पडत होते आणि टीम दुसऱ्या टीममध्ये विलीन करायची बोलणी चालू होती! सगळं जिंकूनसुद्धा. आता ती व्हिस्मा लीज अ बाइक आहे, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनी आणि सायकल भाड्याने देणारी कंपनी. त्यांचं नाव तुमच्या बातमीत असतं तर त्यांना काय फरक पडला असता, ठाण्यात कोण व्हिस्माचं सॉफ्टवेअर घेणार, हे मला कळतं. मुद्दा सवयीचा आहे, तो पुढे सांगतो.

त्याआधी बाकीच्या रायडरबद्दल. ठाणेकरांना हे दहीहंडीवरून पटकन कळेल. पेपरात फोटो येतो सगळ्यात वर चढलेल्या पोराचा, पण खाली बेसला जे तीस-चाळीस जण खांद्यावर वजन घेऊन उभे असतात त्यांचं तोंड सुद्धा दिसत नाही. पथक दिवसभर ट्रकने फिरतं, एकेका ठिकाणी सलामी देतं, टी-शर्टवर भाऊंचं नाहीतर दादांचं नाव, मिळेल ते पथकाच्या गल्ल्यात. सायकलिंगमध्ये डोमेस्टिक म्हणतात त्या रायडरचं तेच काम आहे. लीडरच्या पुढे राहून वारा अडवायचा, मागे गाडीकडे जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, लीडरची सायकल पंक्चर झाली तर स्वतःचं चाक काढून द्यायचं. त्याचं नाव निकालात एकशे वीसावं. तरी त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, ही गोष्ट आपल्याकडे लोकांच्या लक्षात येत नाही. वरच्या दर्जाच्या टीममध्ये किमान पगार ठरवून दिलेला आहे, वर्षाला चाळीस हजार युरोच्या पुढे, आणि टीमला आधी बँक गॅरंटी द्यावी लागते, म्हणजे स्पॉन्सर पळाला तरी काही महिन्यांचा पगार सुटतो. बायकांना तर हे २०२० पर्यंत नव्हतंच, तेव्हा १५,००० युरोपासून सुरू झालं आणि २०२३ ला ३२,००० च्या वर गेलं. बायकांची नवी टूर २०२२ पासून, विजेतीला ५०,००० युरो, पुरुषांच्या एक दशांश. यावर्षी ती पोलीन फेराँ-प्रेव्होने जिंकली, फ्रान्सचीच आहे, त्यामुळे तिकडे पुरुषांच्या टूरइतकाच जल्लोष झाला, तुमच्याकडे मात्र ती बातमी मला सापडली नाही. असो.

आणखी दोन छोटे मार्ग आहेत कमाईचे. टूर संपली की बेल्जियम, हॉलंड, फ्रान्समध्ये गावोगावी छोट्या रेस होतात, तिथे मोठ्या रायडरला नुसतं यायचे पैसे देतात आणि कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, गावजत्रेतली कुस्ती समजा. पूर्वी रायडर वर्षभरात मिळालं नाही तेवढं त्या महिन्यात कमवायचे. आणि दुसरं म्हणजे पॉइंट्स. तीन-तीन वर्षांचे पॉइंट्स मोजून वरच्या अठरा टीम ठरतात, २०२२ ला दोन टीम खाली घसरल्या, आणि घसरलं की टूरची एन्ट्री पक्की राहत नाही, आणि एन्ट्री नाही म्हटलं की स्पॉन्सर विचारतो मग मी पैसे कशाला देऊ. सगळं फिरून तिथेच येतं.

आता आपल्याकडचं. ठाण्यात, नवी मुंबईत सायकलवाले कमी नाहीत. रविवारी पहाटे पाम बीच रोडला जा, येऊरच्या चढाला जा, खारघरच्या टेकडीकडे जा, लाख-दोन लाखाच्या सायकली दिसतील, हेल्मेट, लायक्रा, सगळं. ती बहुतेक माझ्यासारखी पोटवाली मंडळी. पण त्यातच दोन-चार पोरं अशी असतात की ती बाजूने गेली की फक्त वारा जाणवतो. सतरा-अठरा वर्षांची. त्यांच्या घरच्यांना विचारलं तर पहिला प्रश्न, यात पुढे काय? आणि खरं उत्तर आजही हेच आहे की रेल्वेत नाहीतर सैन्यात लाग, राज्याचा पाच टक्के खेळाडू कोटा आहे त्यात बघ. आपला चांगला सायकलपटू हा सरकारी नोकर असतो. वाईट नाही ते, पण नोकरी मिळवण्यासाठी सायकल आणि नोकरी मिळाली की सायकल हळूहळू सुटते, असं होतं.

आणि आपण करतो काय, तर रेस घेतो आणि बक्षीस लावतो. कुणा नेत्याचा वाढदिवस, सायकल स्पर्धा, पहिलं बक्षीस अमुक हजार, मोठा चेक, मोठा फोटो. मुंबई-पुणे रेस किती जुनी, बोरघाटात घाटाचा राजा किताब असतो त्याचं कौतुक मला लहानपणापासून आहे. पण बक्षिसावर कुणी जगत नाही, जगातला एक नंबरचा सायकलपटू सुद्धा जगत नाही हे वर लिहिलंच. जिंकणारा एकच, बाकीच्या पन्नास पोरांनी टायरचे पैसे कुठून आणायचे. आता पुण्यात जानेवारी २०२६ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाची मल्टी-स्टेज रेस घ्यायचं ठरलंय, छान आहे, बाहेरच्या टीम येतील, आपली पोरं त्यांच्या मागे दोनशे मीटरवर राहून शिकतील. पण त्यांना मार्चमध्ये, जूनमध्ये पगार कोण देणार?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, वागळे, रबाळे, महापे, तळोजा, इथे किती कंपन्या आहेत. एका तालुक्याच्या टीमला वर्षाला जेवढा खर्च येईल तेवढा काहींचा दिवाळीच्या मिठाईचा असतो. मग देत का नाहीत? लोक म्हणतात सीएसआरमधून घ्या, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकार्यावर खर्च करावा लागतो त्या पैशातून. मी हे काम करतो म्हणून सांगतो, कायद्यात ऑलिम्पिक खेळांचं ट्रेनिंग सीएसआरमध्ये बसतं, पण जाहिरातीचा फायदा व्हावा म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही, नियमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कोचिंग, ट्रेनिंग कॅम्प याला सीएसआर चालेल, पण जर्सीवर नाव टाकून टीम चालवायची तर पैसे मार्केटिंगच्या बजेटमधून काढावे लागतात. आणि मार्केटिंगचा साहेब एकच प्रश्न विचारतो, नाव कुठे कुठे दिसणार?

इथे गाडं अडतं. आमच्या ओळखीतल्या काही पोरांना एका छोट्या कंपनीने एका सीझनपुरती जर्सी, प्रवास आणि खुराकाचा खर्च दिला होता. फार नाही, पण दिला. पोरं एका रेसमध्ये पहिल्या तिघांत आली, आम्ही खूश, आता नाव येणार. एका पेपरात बातमी आली (तुमचा नव्हे), पोराचं नाव, "ठाण्याचा", आणि फोटो असा कापलेला की जर्सीवरचं नाव अर्धं. फोन केला तर सांगितलं की कंपनीचं नाव छापायचं तर ती जाहिरात झाली, जाहिरात विभागाशी बोला. पुढच्या वर्षी कंपनीने नम्रपणे नकार दिला आणि त्यांचं मला अजिबात चुकीचं वाटलं नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मीही तो व्हाउचर पास केला नसता.

आता क्रिकेटचं बघा. टाटा आयपीएल लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही, टाटा हे काय स्पर्धेचं जन्मनाव आहे का? दहीहंडीच्या बातमीत प्रतिष्ठानचं नाव, संस्थापकाचं नाव, प्रमुख पाहुणे, किती लाखांची हंडी, सगळं येतं. मग एखाद्या सायकल टीमचं नाव जर पंपाच्या किंवा शाम्पूच्या कंपनीवरून असेल तर तेच तिचं नाव आहे, दुसरं नावच नाही, ते छापणं ही फुकटची जाहिरात नाही, ती अर्धवट बातमी पूर्ण करणं आहे. उद्या इथल्या एखाद्या पाइपवाल्याने किंवा मसालेवाल्याने सहा पोरांची टीम काढली तर तिला तेच नाव असणार, आणि ते तुमच्या पानावर येईल याची त्याला खात्री असेल तरच तो दुसऱ्या वर्षी परत पैसे देईल. मघाशी सवय म्हणालो ती ही. परदेशातल्या टीमची नावं छापायची सवय लागली तर घरच्या टीमचं नाव कापताना तुमच्या डेस्कवरच्या माणसाला जरा तरी खटकेल.

वुएल्ता, म्हणजे स्पेनची मोठी रेस, २३ ऑगस्टला सुरू होतेय, इटलीतल्या ट्युरिनमधून. स्पेनची रेस इटलीतून का सुटते ते तुमच्या वाचकांना आता सांगायला नको. तीन आठवडे रोज निकाल येतील. रायडरचं नाव, देश आणि टीम अशा तीन गोष्टी दिल्यात तर उत्तम, आणि जागा कमी पडत असेल तर देश काढलात तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक,
वसंत विहार, ठाणे (प.)